नोकरीचा कागद

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१० फेब्रुवारी २०१९

प्रिय आत्या,
जयभीम.

हे पत्र वाचून झालं की लगेच दादाला चार ओळी लिही. तो माझं ऐकत नाही, वहिनीचं अर्धं ऐकतो, तुझं मात्र अजून ऐकतो. तुला ऐकू येत असतं तर फोनच केला असता, पण तो या दोन खोल्यांत सगळ्यांनीच ऐकला असता. तेव्हा पत्रच बरं.

शुक्रवारी मी शेंद्र्याला जाऊन आले. घरात कुणाला सांगितलं नाही. छत्तीस वर्षांची बाई चोरून चित्रपटाला जात नाही, मी चोरून मुलाखतीला गेले. तिथं गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिला ड्रॉइंग करणारं माणूस हवं होतं. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला त्याला चौदा वर्षं झाली. अर्जावर पालक म्हणून सही तूच केली होतीस. तेव्हापासून मी घरी बसून दुसऱ्यांची ड्रॉइंगं करून देते आणि खाली नाव त्यांचं लागतं.

सांडूभाऊंच्या रिक्षानं गेले. ते गतिरोधक दिसला की आधी सांगतात, "ताई, हाडं सांभाळा, आला बरं का," आणि रिक्षा अशी उतरवतात की पोटातलं पाणी हलत नाही. साहेबांनी मला एक ड्रॉइंग दिलं आणि म्हणाले, बघा. मी बघितलं. दोन भोकांमधलं अंतर एका बाजूनं बरोबर होतं, दुसऱ्या बाजूनं चुकलं होतं. असा भाग बनला असता तर बसलाच नसता. मी तसं सांगितलं. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग व्हीलचेअरकडे, मग परत ड्रॉइंगकडे. ती चूक त्यांनी मुद्दाम ठेवली होती की खरीच होती, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, निवड झाली तर तीन आठवड्यांत पोस्टानं पत्र येईल. नाही आलं तर नाही समजा, फोन करून विचारू नका.

दादाचं म्हणणं तुला माहीतच आहे. ठिसूळ हाडांचा आजार, बाहेर गर्दी, कुणाचा धक्का लागला तर काय. घरात मी सुरक्षित. शहर वाढतंय, आमच्या मागं दोन नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि पाणी मात्र पाचव्या दिवशी येतं. दादा बँकेत, वहिनी शाळेत, मुलं शिकवणीला. म्हणजे घरातला पाणीपुरवठा विभाग मीच. नळ आला की पाईप जोडा, मोटार लावा, टाकी भरली की ड्रम भरा. बाकी दिवस मी जपून ठेवायची वस्तू.

लिही त्याला. म्हणावं, जाऊ दे.

तुझी,
रत्नमाला


फर्दापूर
२० फेब्रुवारी २०१९

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू एकटी शेंद्र्यापर्यंत गेलीस, ती ओळ मी दोनदा वाचली. तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची होतीस. नुसती कूस बदलली आणि मांडीचं हाड मोडलं. तुझ्या बापानं आणि मी चादरीची झोळी करून तुला दवाखान्यात नेलं. रस्ता खडीचा होता. दर पावलाला तू ओरडायचीस. तो आवाज मला अजून ऐकू येतो, बाकी काही येत नसलं तरी.

सम्यकवर, तुझ्या दादावर, राग धरू नकोस. तुझे आईबाप गेल्यावर त्यानं तुला सांभाळलं. तुझ्यासाठी त्यानं पुण्याची बदली नाकारली. वहिनीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. अशी घरं किती असतात? मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, शंभर घरं पाहिली. तुझ्यासारखी मुलं लोकांनी कुठं कुठं टाकलेली मी पाहिली आहेत.

माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावेत. तुला घरी काम मिळतं, मान आहे, पोटाला आहे. मी सम्यकशी बोलेन, पण तू फार आस लावून बसू नकोस. आमच्याकडे विहिरी तळाला गेल्या आहेत. लेण्यांकडे येणारे लोकही कमी झालेत. दूध घेत जा.

तुझी आत्या,
चंपाबाई


पुंडलिकनगर
१७ मार्च २०१९

आत्या,
जयभीम.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणालीस. माझे पाय केवढे आहेत ते तुला ठाऊक आहे. चार फुटांच्या बाईला कुठलंही अंथरूण पुरतं, तरी तुम्ही दर वर्षी त्याला दुमड घालता.

पत्र आलं नाही. पाच आठवडे झाले. म्हणजे नाही. दोन आठवडे मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. शेवटी त्या बिचाऱ्याशी भांडले, की तुम्ही पत्र हरवलंत. तो म्हणाला, ताई, तुमच्या घरचं मी कधी हरवलंय का? खरं आहे, त्यानं नाही हरवलं. साहेबांनी व्हीलचेअर पाहिली तेव्हाच ठरलं असणार. बाकी सगळा देखावा. आणि मी मूर्खासारखी घरी येताना सांडूभाऊंना जिलेबी आणायला लावली होती.

मला राग येतोय आणि तो कुठं टाकावा कळत नाही, म्हणून तुझ्यावर टाकते. तुझ्या अख्ख्या पत्रात माझ्या हाडांशिवाय काही नाही. मी ड्रॉइंगमधली चूक शोधली, त्यावर एक ओळ नाही. जो भेटतो तो विचारतो, आतापर्यंत किती मोडली? मोडण्याच्या अधेमध्ये मी काय करत होते, हे कुणी विचारत नाही. लग्नात मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतात आणि ताट तिथंच आणून देतात, नवस फेडल्यासारखं. माझं लग्न करायचं का, हा प्रश्न घरात कुणी काढलाही नाही. नको म्हणायची संधीसुद्धा मिळाली नाही मला.

काल मी बसून मोजलं. तुम्हा सगळ्यांना आकडा आवडतो, तर घे. आजपर्यंत तेवीस. त्यातली दोन शाळेत, एकवीस घराच्या उंबऱ्याच्या आत. गेल्या सहा वर्षांत चार, आणि चारही एकाच जागी. आमच्या नळाला जोर नाही म्हणून सगळ्या गल्लीसारखा आम्हीही तो खड्ड्यात उतरवलाय, हातभर खाली. पाईप जोडायला व्हीलचेअरवरून वाकावं लागतं. दोन बरगड्या तिथं गेल्या, मनगट तिथं गेलं, पाऊल तिथं गेलं. शाळा सोडली तर बाहेरच्या जगानं माझं काही मोडलेलं नाही, आत्या. त्याला तशी संधीच मिळाली नाही.

आणखी एक ऐक. मागच्या महिन्यात नवीन डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, बसून राहिलात तर हाडं आणखी विरघळतात. वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घ्या, पोहण्यासारखा व्यायाम करा, कामाला जा. मी म्हटलं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. त्यांनी दवाखान्यातली माझी जुनी फाईल चाळली. चार वर्षांपूर्वीच लिहून दिलेलं होतं. घरी दिलेले कागद दादाजवळ असतात.

आता मी काही मागत नाही. कंपनीनंच नको म्हटलं, तर तुझ्या चार ओळी कशाला हव्यात? दादाला पुण्याची बदली घ्यायला सांग.

रत्नमाला


फर्दापूर
२३ मार्च २०१९

चि. रत्ना,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

कंपनीनं तुला नको म्हटलेलं नाही. सोबत जो कागद आहे तो तुझ्या नेमणुकीचा आहे. १ एप्रिलला सकाळी नऊ वाजता हजर व्हायचं आहे. तुझं नाव पूर्ण लिहिलंय, रत्नमाला, बापाच्या नावासकट.

तो शनिवारी आला. सम्यक घरी होता, पोस्टमननं त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, तो एसटीनं इथं आला. तुला सांगितलं असेल की बाहेर काम आहे. माझ्यासमोर कागद ठेवला आणि वहीत लिहिलं, आत्या, तिला देऊ का नको? तुझे आजोबा सखाराम म्हणजे आमचे आबा. त्यांची शिकवण होती, नोकरीचा कागद कधी फाडायचा नाही, जाळायचा नाही. त्यांचा पहिला नेमणुकीचा हुकूम, माझा, तुझ्या बापाचा, सम्यकचा, सगळे माझ्या पेटीत आहेत. सम्यकला तो फाडवेना. तुला देववेना. मी म्हणाले, इथं ठेव पेटीत. तारीख उलटली की मग सांगू.

म्हणजे तू जेव्हा पोस्टमनशी भांडत होतीस तेव्हा तुझा कागद माझ्या हुकमाच्या खाली घडी घालून ठेवलेला होता.

तुझं पत्र वाचलं, नळाच्या खड्ड्याचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दर वेळी सम्यक एवढंच कळवायचा, पडली. मी विचारलं नाही कुठं.

स्पीडपोस्टानं पाठवते आहे. तुझ्या हातातच पडो.

चंपाबाई


पुंडलिकनगर
३१ मार्च २०१९

आत्या,

कागद काल मिळाला. पोस्टमनसमोर उघडला आणि त्याची माफी मागितली.

तुला काय लिहावं तेच कळत नाही. जयभीम लिहायलाही हात उचलत नाही. आपल्या घरात पहिल्यांदा बाईच्या हातात नोकरीचा हुकूम आला तो तुझ्या. शाळेत लोक हातानं पाणी देत नव्हते तेव्हा तू तिथं टिकलीस, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. आणि माझा हुकूम तू पेटीत घातलास. कागद फाडायचा नाही म्हणून जपून ठेवलात, आणि माणूस? मला फाडायला काहीच वाटलं नाही तुम्हाला?

काल जेवायला बसल्यावर मी तो कागद दादाच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं पाहिला आणि घास खाली ठेवला. आधी नेहमीचंच बोलला, तुझ्या भल्यासाठी, तुला काही झालं तर आई-बाबांना काय तोंड दाखवू. मी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, डॉक्टरबाईंचे कागद चार वर्षं कुठं होते? तो चिडला. चिडल्यावर माणूस खरं बोलतो. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"पाचव्या दिवशी नळ येतो, तोबी कधी दहाला, कधी दोनला, काय नेम नाय. आम्ही दोघं ड्यूटीवर. तू गेल्यावर पाणी कोण भरणार, ते सांग मला."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. दादाला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. वहिनीला कळलं. ती म्हणाली, "अहो, गप बसा," पण उशीर झाला होता.

मला वाटायचं, या घराला माझी भीती वाटते, माझ्या हाडांची. त्या भीतीची कदर म्हणून मी चौदा वर्षं बसून राहिले. पुण्याची बदली नाकारली, ते ऋण डोक्यावर घेऊन बसले. आता कळलं, मी घरात असणं सोयीचं होतं. पुण्यात नळ रोज येत असेल, तिथं मला कशाला न्यायचं? हे मी रागानं लिहितेय, सगळंच खरं नसेल. दादाचा माझ्यावर जीव आहे, मला माहीत आहे. पण जीव असून जर त्यानं चार वेळा मला त्याच खड्ड्यापाशी बसवलं, तर त्या जिवाचं मी काय करू?

आता तुझं. डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. हा आजार घराण्यात उतरतो. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो, माझा आहे, बाबांचा होता. पुष्कळांना चाळिशीत ऐकू येईनासं होतं. मी घरी आले आणि तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो काढून पाहिला. आत्या, तुझे डोळे माझ्यासारखेच निळे आहेत. बेचाळिसाव्या वर्षी तुझे कान जायला लागले तेव्हा तू म्हणायचीस, पोरांच्या गोंगाटानं.

तुझी किती मोडली? खरा आकडा सांग. मी उद्या आठ वाजता निघते आहे.

रत्नमाला


फर्दापूर
९ एप्रिल २०१९

चि. रत्ना,

सात. दोन्ही मनगटं, डाव्या पायाचं हाड, आणि बाकी बरगड्या. एक बरगडी नुसती खोकून गेली. डी.एड.ला होते तेव्हा मनगट मोडलं, सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. मला सायकल येतच नव्हती.

नोकरीच्या वेळी तंदुरुस्तीचा दाखला लागायचा. तिथं विचारलं, कधी हाड मोडलंय का? मी म्हणाले, नाही. लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुझ्या मामांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शेवटपर्यंत कळलं नाही. मूल झालं नाही ते मी होऊ दिलं नाही म्हणून. हे आज पहिल्यांदा कागदावर येतंय. तुझ्या बापाला ठाऊक होतं. तो म्हणायचा, ताई, तू बोलू नको, आपल्याला आधीच लोक कमी समजतात, त्यात हे कशाला.

मग तू जन्मलीस. तुझं लपवण्यासारखं नव्हतं. तुझ्याकडे बघून लोक हळहळायचे आणि मी पण त्यांच्यात उभी राहून हळहळायचे, जणू मी वेगळी. कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून मी जगले, शाळेत एकतीस वर्षं धावले, पोरांना कवायत शिकवली. आणि तुझं सगळ्यांना ठाऊक होतं, तर तुला म्हणाले, बस.

सम्यक कागद घेऊन आला तेव्हा मी तुझा विचार केला नाही, रत्ना. तू बाहेर पडलीस, मोठ्या डॉक्टरांकडे गेलीस, तर कधीतरी कुणी विचारेल की घरात आणखी कुणाला आहे, हे माझ्या मनात आलं. तेवढंच आलं असं नाही, पण आलं.

तू गेलीस का? एवढंच कळव. माफी मागत नाही. तू देणार नाहीस आणि मी दिली नसती.

चंपाबाई


शेंद्रा
७ जुलै २०१९

आत्या,
जयभीम.

तीन महिने लिहिलं नाही. लिहायला बसले की राग यायचा आणि पेन ठेवून द्यायचे. राग अजून आहे. पण आता त्याच्याशिवाय दुसरीही कामं आहेत.

गेले. पहिल्या दिवशी साडेआठलाच पोचले, फाटक उघडायचं होतं. महिनाभर सांडूभाऊंनी नेलं-आणलं, मग मी इथंच गावात खोली घेतली, फाटकापासून दहा मिनिटांवर, तळमजल्याची. मालकीण गोजरबाई. त्यांना मी आधीच सांगून टाकलं, माझी हाडं मोडतात. त्या म्हणाल्या, "मोडू दे. भाकरी ज्वारीची खाती का बाजरीची?" इतकं सोपं कुणी मला आजवर विचारलं नव्हतं. पाणी इथंही टँकरचंच आहे. माझ्या वाटचा ड्रम त्या भरतात, त्यांच्या पोरीला मी गणित शिकवते.

माझ्या ड्रॉइंगांवर आता माझं नाव असतं, खाली उजव्या कोपऱ्यात. पहिलं छापून आलं त्या दिवशी मी ते घरी आणलं आणि रात्रभर उशाला ठेवलं. हसायचं तर हस.

आणि चोविसावं मोडलं. १२ जूनला, कंपनीत, उपाहारगृहाच्या दारात व्हीलचेअरचं चाक उंबऱ्यात अडकलं आणि मी डाव्या हातावर पडले. दुखलं. खूप दुखलं, तू काही समजू नकोस की मी फार शूर झालेय. दादा दवाखान्यात धावत आला. मला बघून रडला आणि मग म्हणाला, झालं समाधान? मी म्हटलं, घरात एकवीस मोडली तेव्हा कुणाचं समाधान झालं होतं? तो खाली बसला. मग म्हणाला, चल घरी. मी म्हटलं, सुट्टी दहा दिवसांची आहे, दहा दिवस येईन, अकराव्या दिवशी परत जाईन. तसंच केलं. कंपनीनं तोवर तो उंबरा तोडला. उजवा हात शाबूत होता, काम चालू राहिलं. घरी होते तेव्हा पाहिलं, नळाच्या दिवशी दादा अर्धी रजा टाकतो. पाईप जोडताना कंबर धरून उठतो. वहिनी त्याला म्हणाली, आता कळलं का?

आता मुख्य. प्लास्टर काढायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी नवीन केसपेपर केला. त्यात एक रकाना असतो, घरात हा आजार आणखी कुणाला आहे का. छत्तीस वर्षं तिथं "नाही" लिहिलेलं आहे. आधी बाबांच्या अक्षरात, मग दादाच्या. या वेळी पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं: वडील, मयत. आणि आत्या, चंपाबाई, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, हयात.

तुला विचारून लिहिलं नाही. तूही माझा कागद मला विचारून ठेवला नव्हतास.

डॉक्टरबाईंना तुला बघायचंय. कानांचं अजून काही करता येईल म्हणाल्या, आणि हाडांचं औषध तुलाही लागेल. गुरुवारी, १८ जुलैला, अकरा वाजताची वेळ घेतली आहे. मी त्या दिवशी रजा टाकली आहे. सकाळची पहिली एसटी पकड. सांडूभाऊ स्टँडवर उभे असतील, त्यांना तुझी हाडं कशी आहेत ते मी सांगून ठेवलंय.

रत्नमाला